वाल्डेमार हाफकिन: प्लेगची लस, टोचल्याचा दाखला आणि लोकांचा विश्वास

लस घेतल्याचा दाखला दाखवा, मगच आत सोडू, असे कोणी म्हटले की मनात दोन विचार येतात. एक, साथ आटोक्यात यायची तर असे काही करावे लागणारच. दुसरा, माझ्या शरीरात काय टोचायचे हे ठरवणारे हे कोण? दवाखान्यात आलेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक हे दोन्ही प्रश्न विचारतात, आणि दोन्ही रास्त आहेत.

हा वाद करोनापासून सुरू झाला असे तुम्हाला वाटत असेल, तर तो त्याहून पुष्कळ जुना आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबई आणि पुण्यात प्लेगच्या साथीत तो झाला होता. त्याच्या मध्यभागी असलेल्या माणसाचे नाव तुम्ही ऐकलेले आहे. परळच्या हाफकिन संस्थेवरून तुम्ही गेला असाल, पोलिओच्या थेंबांच्या कुपीवर ते नाव वाचले असेल. मात्र हा हाफकिन कोण होता, तो मुंबईत का आला आणि त्याच्या वाट्याला काय आले, हे फार थोड्यांना माहीत असते. त्याचे आयुष्य समजून घेतले तर दाखल्याच्या वादाकडे अधिक शांतपणे पाहता येते.

ओडेसा ते पॅरिस

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्रावरील ओडेसा या बंदराच्या शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. तेव्हा हे शहर रशियन साम्राज्यात होते. ओडेसाच्या विद्यापीठात ते प्राणिशास्त्र शिकले. तेथे त्यांचे शिक्षक होते इल्या मेचनिकोव्ह. आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी जंतूंना गिळून टाकतात, हे दाखवणारे आणि पुढे नोबेल पारितोषिक मिळवणारे हे शास्त्रज्ञ. हाफकिन डॉक्टर नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते, हे लक्षात ठेवा. पुढे भारतात अनेक सरकारी डॉक्टरांनी त्यांना आपल्यातले मानले नाही, त्यामागे हेही एक कारण होते.

त्या काळात रशियात ज्यूंवर हल्ले होत. तरुण हाफकिन आपल्या वस्तीच्या बचावासाठी उभे राहिले, जखमी झाले आणि त्यांना अटकही झाली. ख्रिस्ती धर्म स्वीकारला असता तर विद्यापीठात पुढची वाट मोकळी झाली असती. त्यांनी ते नाकारले. काही वर्षे ओडेसाच्या प्राणिसंग्रहालयात काम करून १८८८ मध्ये ते जिनिव्हाला गेले आणि १८८९ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पोहोचले. जागा मिळाली ती ग्रंथालयात, साहाय्यकाची. दिवसा पुस्तके सांभाळायची आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत काम करायचे, असा त्यांचा क्रम होता.

तेथे त्यांनी पटकीवर, म्हणजे कॉलऱ्यावर, लस तयार केली. १८ जुलै १८९२ रोजी ती पहिल्यांदा स्वतःलाच टोचली. ताप आला, टोचलेली जागा दुखली आणि काही दिवसांत ते बरे झाले. आज कोणत्याही लसीनंतर तुम्हाला एक-दोन दिवस कणकण येते, तसाच हा प्रकार. शरीराची संरक्षण यंत्रणा कामाला लागल्याची ती खूण असते.

कलकत्त्याच्या वस्त्या: विश्वासाचा पहिला धडा

पटकी जिथे दरवर्षी माणसे मारते तिथेच लस तपासली पाहिजे, असे हाफकिन यांना वाटत होते. मार्च १८९३ मध्ये ते कलकत्त्याला आले. सुरुवातीला उत्तर भारतातील लष्करी छावण्यांमध्ये त्यांनी लस दिली, नंतर कलकत्त्याच्या दाट वस्त्यांमध्ये. लोकांनी त्यांच्यावर दगडही मारले. परका माणूस, हातात सुई, आणि बरोबर सरकारी कागद: संशय येणे साहजिक होते.

हाफकिन यांनी तेव्हा काय केले हे तुम्ही जाणून घ्यावे. पोलीस बोलावून त्यांनी लोकांना रांगेत उभे केले नाही. त्यांनी लोकांसमोर स्वतःला टोचून घेतले. बंगाली डॉक्टर बरोबर घेतले, म्हणजे लोकांशी त्यांच्या भाषेत बोलता येईल. आणि ज्याची इच्छा आहे त्यालाच लस दिली.

१८९४ मध्ये काट्टल बागान या वस्तीत पटकीची लागण झाली. वस्तीतील सुमारे २०० पैकी ११६ जणांनी लस घेतली. पुढे तेथे जे रुग्ण आढळले ते सगळे लस न घेतलेल्यांमधले होते. ही बातमी वस्त्यावस्त्यांतून पसरली आणि जे लोक दगड मारत होते ते आता रांग लावू लागले. हुकमाने जे झाले नसते ते शेजाऱ्याच्या अनुभवाने झाले.

मुंबईत प्लेग

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. काखेत किंवा जांघेत गाठ, सणसणून ताप, ग्लानी आणि काही दिवसांत मृत्यू. आजच्यासारखी प्रतिजैविके तेव्हा नव्हती. गाठीच्या प्लेगमध्ये निम्म्याहून अधिक रुग्ण दगावत. लोक गाठोडी बांधून शहर सोडू लागले.

सरकारने हाफकिन यांना मुंबईला पाठवले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना एक खोली आणि एक बोळ मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या सामग्रीवर तीन महिन्यांत त्यांनी प्लेगची लस तयार केली.

ही लस कशी होती? मांसाच्या अर्कात प्लेगचे जंतू वाढवायचे. वर तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे थेंब तरंगत ठेवायचे, म्हणजे जंतू त्यांना धरून खाली लोंबत वाढतात. काही आठवड्यांनी तो द्रव तापवून जंतू मारायचे आणि तो खराब होऊ नये म्हणून त्यात थोडे कार्बोलिक आम्ल घालायचे. टोचले जाई ते मेलेल्या जंतूंचे द्रावण. मेलेला जंतू रोग देऊ शकत नाही, पण शरीर त्याची ओळख लक्षात ठेवते. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. या अर्कासाठी त्यांनी गाईचे किंवा डुकराचे मांस न वापरता बोकडाचे मांस वापरले. येथील लोकांच्या मनाचा विचार लस बनवतानाच केलेला होता.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लसही आधी स्वतःला टोचली, आणि पुढे लोकांना दिली गेली त्यापेक्षा किती तरी मोठी मात्रा घेतली. त्याच महिन्याच्या शेवटी भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. स्वेच्छेने पुढे आलेल्या सुमारे दीडशे कैद्यांना लस दिली गेली, जवळजवळ तितक्याच कैद्यांनी घेतली नाही. एकाच छपराखाली, एकच अन्न खाणाऱ्या या दोन गटांत लस घेतलेल्यांमध्ये प्लेग स्पष्टपणे कमी आढळला. बंदिवान माणसाची संमती कितपत मोकळी असते, हा प्रश्न आज कोणतीही नीतिमत्ता समिती विचारील. तेव्हा तो फारसा कोणी विचारला नाही.

त्यानंतर पोर्तुगीजांच्या ताब्यातील दमणमध्ये लस न घेतलेल्या ६,०३३ लोकांपैकी १,४८२ जण प्लेगने गेले, तर घेतलेल्या २,१९७ पैकी ३६ जण. फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोद्याजवळच्या उंढेरा गावात तर प्रत्येक घरातील निम्म्या माणसांना लस दिली गेली. लस न घेतलेल्या ६४ पैकी २६ जण दगावले, घेतलेल्या ७१ पैकी ३. घर तेच, चूल तीच, फरक फक्त लसीचा.

या आकड्यांतून दोन गोष्टी दिसतात. लस उपयोगी होती. आणि लस घेतलेल्यांपैकीही काहींना प्लेग झाला, काही दगावलेही. शंभर टक्के संरक्षण देणारी लस तेव्हा नव्हती, आजही बहुतेक रोगांवर नाही. लस घेऊनही मला आजार कसा झाला, असा प्रश्न तुम्हाला पडतो तेव्हा उंढेऱ्याचे आकडे आठवा. लस धोका पुष्कळ कमी करते, पण शून्यावर आणत नाही.

एकीकडे सुई, दुसरीकडे शिपाई

हाफकिन मुंबईत संमतीने लस देत होते, त्याच वेळी सरकार दुसऱ्याच मार्गाने चालले होते. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. त्याने अधिकाऱ्यांना जवळजवळ अमर्याद अधिकार दिले. पुण्यात प्लेग समितीचे प्रमुख रँड यांच्या हाताखाली गोरे सोजीर घरोघर शिरून तपासणी करू लागले. देवघर, माजघर, स्वयंपाकघर काही सुटले नाही. बायकांची तपासणी परपुरुषांकडून होई. रोग्याला इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत नेले जाई. सामान जाळले जाई. याच काळात पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. २२ जून रोजी चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या. मार्च १८९८ मध्ये मुंबईत दंगल उसळली.

डॉक्टर म्हणून यातला एक परिणाम सांगायला हवा. लोक रोगी लपवू लागले. ताप आलेल्या माणसाला माळ्यावर, अडगळीत दडवू लागले, प्रेते गुपचूप पुरू लागले. साथ रोखण्यासाठी सर्वांत आधी काय लागते? रोगी कुठे आहे हे कळणे. जबरदस्तीने नेमके तेच बंद झाले.

टोचल्याचा दाखला

या सगळ्यात लस घेतलेल्याला एक कागद मिळू लागला: टोचल्याचा दाखला. १८९८ च्या सुमारास मुंबई इलाख्यात हा दाखला जवळ असणाऱ्याला प्लेगच्या काही नियमांतून सूट देण्यात आली. कोणाला छावणीत नेण्यातून, कोणाला प्रवासात अडवून ठेवण्यातून. दाखल्याला ठरावीक मुदत असे, कारण लसीचे संरक्षण काही महिनेच टिकते हे माहीत होते.

आजच्या वादातील जवळजवळ सगळे मुद्दे या कागदात सापडतात. एका बाजूने पाहिले तर ही सवलत होती. लस कोणावर लादली नव्हती. ज्याने घेतली त्याला छावणीचा त्रास वाचला. दुसऱ्या बाजूने पाहिले तर पर्याय असा उरे: लस टोचून घ्या, नाहीतर घरदार सोडून छावणीत चला. याला मोकळी निवड म्हणायचे का? ज्या माणसाला नियमच जाचक वाटत होते, त्याला त्या नियमांतून सुटण्यासाठी टोचून घेणे हीदेखील सक्तीच वाटली असेल.

अफवा याच वातावरणात वाढल्या. सुई गजभर लांब असते, टोचल्यावर पुरुषत्व जाते, बायकांना मूल होत नाही, असे लोक बोलू लागले. या अफवांना अडाणीपणा म्हणून हसणे सोपे आहे. पण घरात बूट घालून शिरणारा आणि सुई घेऊन येणारा एकाच सरकारचा असेल, तर लोकांनी दोघांना वेगळे कसे ओळखायचे?

हाफकिन यांचा स्वतःचा कल स्वेच्छेकडे होता. खोजा समाजाचे तरुण प्रमुख तिसरे आगाखान त्यांच्या पाठीशी उभे राहिले. त्यांनी लोकांसमोर स्वतः टोचून घेतले, माझगावातील आपली वास्तू प्रयोगशाळेसाठी दिली, आणि त्यांच्या समाजातील हजारोंनी लस घेतली. आपल्या माणसाने आपल्यासमोर घेतलेली लस हाच तेथे सर्वांत मोठा दाखला ठरला. १० ऑगस्ट १८९९ रोजी प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात हलली. तीच आजची हाफकिन संस्था.

लस कोणाचे रक्षण करते?

आता एक वैद्यकीय मुद्दा. दाखला मागण्याचे समर्थन सहसा असे असते: लस न घेतलेला माणूस इतरांना धोका आहे. हे प्रत्येक रोगात सारखेच खरे नसते.

१८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरांनी दाखवले की प्लेग उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो. पुढे ते सर्वांना पटले. म्हणजे गाठीच्या प्लेगचा रुग्ण सहसा शेजाऱ्याला थेट रोग देत नव्हता. फुप्फुसाचा प्लेग मात्र खोकल्यातून पसरतो, तो अपवाद. तेव्हा हाफकिन यांची लस प्रामुख्याने घेणाऱ्याचेच रक्षण करत होती. अशा लसीचा दाखला रेल्वेत मागून शेजारच्या प्रवाशाचे फारसे भले होणार नव्हते.

गोवराचे उलट आहे. गोवर हवेतून झपाट्याने पसरतो आणि लस तो पसरणे रोखते. तुमच्या मुलाने लस घेतली तर शेजारच्या, अजून लसीचे वय न झालेल्या तान्ह्या बाळाचेही रक्षण होते. धनुर्वाताची लस मात्र फक्त घेणाऱ्यासाठी, कारण तो माणसाकडून माणसाला होतच नाही. म्हणून कुठेही दाखला मागितला की पहिला प्रश्न हा विचारावा: ही लस फक्त माझे रक्षण करते, की माझ्याकडून इतरांना होणारा संसर्गही रोखते? आणि किती काळ?

मुलकोवालची कुपी

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावात १०७ जणांना प्लेगची लस टोचली गेली. त्यांपैकी एकाच कुपीतून लस घेतलेल्या १९ जणांना पुढे धनुर्वात झाला. एकोणीसही जण मरण पावले.

चौकशी आयोगाने ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवला. पंजाबसाठी लस फार मोठ्या प्रमाणात हवी होती. काम लवकर व्हावे म्हणून हाफकिन यांनी कार्बोलिक आम्ल वगळून केवळ उष्णतेवर भर देणारी नवी पद्धत वापरली होती. तेच बोट दाखवायला पुरेसे ठरले. हाफकिन यांना पदावरून दूर केले गेले. ते इंग्लंडला गेले आणि कित्येक वर्षे आपली बाजू मांडत राहिले.

खरे काय घडले होते? कुपी उघडताना साहाय्यकाच्या हातातून चिमटा जमिनीवर पडला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. तो चिमटा नीट निर्जंतुक न करता पुन्हा वापरला गेला. शिवाय जंतू मुंबईतच कुपीत शिरले असते, तर गावात पोहोचेपर्यंत ते वाढून लसीला दुर्गंधी आली असती. कुपी उघडणाऱ्या डॉक्टरला असा वास आला नव्हता. लक्षणे दिसायलाही सुमारे आठवडा लागला. ताजी लागण झाल्याचेच ते चिन्ह होते. १९०७ मध्ये मलेरियाचा डासांशी संबंध सिद्ध करणारे रोनाल्ड रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समधून जाहीरपणे हाफकिन यांची बाजू घेतली. त्याच वर्षाच्या अखेरीस ते दोषमुक्त झाले.

या घटनेतून रुग्ण म्हणून तुमच्या उपयोगाची गोष्ट अशी. लस चांगली असणे पुरेसे नसते, ती देण्याची रीतही स्वच्छ लागते. आज प्रत्येकासाठी नवी सुई आणि सिरिंज वापरतात, कुपीवर उघडल्याची वेळ लिहितात, थंड साखळी सांभाळतात. हे सगळे तुम्ही पाहू शकता, विचारू शकता. नर्सताईंना सिरिंज नवी आहे ना, असे विचारण्यात उद्धटपणा नाही.

आणि सरकारसाठीची गोष्ट: जो लस घ्यायला भाग पाडतो, त्याच्यावर अपघाताची जबाबदारीही दुप्पट येते. मुलकोवालनंतर पंजाबात लोकांनी लसीकडे पाठ फिरवली. विश्वास उभा करायला वर्षे लागली होती, तो ढासळायला एक कुपी पुरली.

शेवटची वर्षे

हाफकिन भारतात परतले ते कलकत्त्याला. पण लसीच्या चाचण्यांचे अधिकार त्यांना पुन्हा मिळाले नाहीत. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी निवृत्त होऊन ते युरोपात गेले. उतारवयात ते अधिकाधिक धार्मिक झाले आणि आपली संपत्ती त्यांनी ज्यू धर्मशिक्षणासाठी ठेवली. लग्न त्यांनी केले नव्हते. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. तोवर तेथून लसीच्या दोन कोटींहून अधिक मात्रा बाहेर गेल्या होत्या. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. १९६४ मध्ये भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

तोच प्रश्न, लोकलच्या दारात

१५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईच्या लोकलमध्ये सर्वसामान्य प्रवाशांना पुन्हा प्रवेश मिळाला, पण दोन मात्रा घेतलेल्या आणि दुसरी घेऊन १४ दिवस झालेल्यांनाच. यामागे कारण होते. दुसरी लाट नुकतीच ओसरली होती, लोकलच्या डब्यातील गर्दी तुम्हाला माहीत आहे, आणि लस गंभीर आजारापासून चांगले संरक्षण देत होती. लस घेण्याकडे अनेकांची पावले यामुळे वळली, हेही नाकारता येत नाही.

पण अडचणीही खऱ्या होत्या. कोविशील्डच्या दोन मात्रांमध्ये तेव्हा किमान १२ आठवड्यांचे अंतर होते. पहिली मात्रा वेळेवर घेतलेला, हातावर पोट असलेला माणूसही त्यामुळे फलाटाबाहेर राहिला. घरून काम करू शकणाऱ्याला या नियमाची झळ कमी लागली. आणि ओमायक्रॉन आल्यावर लस घेतलेल्यांनाही संसर्ग होतो आणि तो पसरतो हे दिसले, तेव्हा दाखल्यामागचा जुना आधार कमकुवत झाला.

२ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याबाबत निकाल दिला. कोणालाही जबरदस्तीने लस देता येणार नाही, कारण शरीरावरचा हक्क हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे. मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार काही निर्बंध घालू शकते. ते कायदेशीर, आवश्यक आणि धोक्याच्या प्रमाणात असले पाहिजेत. त्या वेळच्या परिस्थितीत लस न घेतलेल्यांवरील निर्बंध प्रमाणाबाहेरचे आहेत, असे न्यायालयाला वाटले. लसीनंतरच्या दुष्परिणामांची माहिती लोकांना खुली करावी, असेही सांगितले.

तुमच्याकडे दाखला मागितला तर

माझे मत स्पष्ट सांगतो. शिफारस केलेल्या लसी घ्याव्यात, मुलांना वेळेवर द्याव्यात. आणि दाखल्याची सक्ती मोजक्या ठिकाणी, मोजक्या काळासाठी, कारण सांगूनच असावी. या दोन मतांत विसंगती नाही. कोणी दाखला मागितला तर हे पाहा:

• नियम लेखी आहे का, कोणी काढला आणि किती काळासाठी? मुदत नसलेल्या नियमाबद्दल विचारणा करा.

• ती लस संसर्ग पसरणे रोखते का? अतिदक्षता विभागात, कर्करोगाच्या वॉर्डात, तान्ह्या बाळांच्या विभागात काम करणाऱ्यांकडून पुरावा मागणे अधिक रास्त आहे, कारण तेथील रुग्ण स्वतःचे रक्षण करू शकत नाहीत.

• लस घेता येत नाही अशांसाठी सोय आहे का? गर्भवती, केमोथेरपी घेणारे, अवयव प्रत्यारोपण झालेले यांना जिवंत जंतूंच्या लसी सहसा देत नाहीत. एखाद्या लसीची पूर्वी तीव्र अॅलर्जी आली असेल तर तेही सांगा. डॉक्टरांकडून तसे लेखी पत्र घ्या.

• परदेशप्रवास आहे का? आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतील काही देशांसाठी पीतज्वराच्या लसीचा दाखला लागतो. तो लस घेतल्यानंतर १० दिवसांनी ग्राह्य होतो, म्हणून तिकीट काढतानाच चौकशी करा. वय ६० च्या पुढे असेल किंवा अंड्याची तीव्र अॅलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना भेटा.

• कागद जपून ठेवा. बाळाचे माता-बाल संरक्षण कार्ड, कोविनचा दाखला, पीतज्वराची पुस्तिका यांचे फोटो मोबाइलमध्ये आणि मूळ प्रती एका पाकिटात ठेवा. खोटा दाखला कधीही घेऊ नका. त्याने तुमचे रक्षण होत नाही, आणि आजारी पडल्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरचीही दिशाभूल होते.

• घरात कोणी लस घ्यायला तयार नसेल तर धाक घालू नका. त्यांना नेमकी कशाची भीती वाटते ते विचारा. सुईची, तापाची, की कोणाकडून ऐकलेल्या गोष्टीची? उत्तर त्या भीतीला द्या. जमल्यास त्यांना विश्वास वाटणाऱ्या डॉक्टरांकडे घेऊन जा आणि तुम्ही स्वतः घेतलेल्या लसीचा अनुभव, कणकण आली असेल तर तीही, खरी खरी सांगा.

प्लेगची लस आज सर्रास दिली जात नाही. प्रतिजैविके वेळेवर मिळाली तर प्लेग बरा होतो. रोग बदलले, लसी बदलल्या. आजी-आजोबांची लस राहिली असेल किंवा बाळाची पुढची मात्रा जवळ आली असेल, तर या आठवड्यात जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन तारीख विचारा. मनात शंका असेल तर ती तिथेच डॉक्टरांपुढे मांडा. शंका विचारणारा रुग्ण आम्हाला त्रासदायक वाटत नाही. शंका मनात ठेवून घरी जाणाऱ्याची काळजी वाटते.